पाच दिवसांत घसरलेलं अल्ब्युमिन

करवीर तालुक्यातले काका. उभी हयात गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून गेलेली. डाव्या अंगावरून वारं गेलं आणि कोल्हापुरात आमच्याकडे दाखल झाले. मी फिजिओथेरपिस्ट. अंगापिंडाने दणकट माणूस, पायात थोडी हालचालही होती. लवकर उभे राहतील असं मी धरून चालले होते.

पाचव्या दिवशी मात्र ते कॉटच्या कडेला दोन मिनिटंही बसेनात. मान छातीवर. सीटी पुन्हा केला, मेंदूत नवं काही नाही. ‘मनावरच घेत नाहीत,’ असं वॉर्डात कुणी म्हणालं आणि मलाही ते पटलं, याचं आज वाईट वाटतं.

रक्ताचे रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले. अल्ब्युमिन, म्हणजे यकृत बनवतं ते रक्तातलं प्रथिन, ३.६ वरून २.७. सीआरपी, म्हणजे दाह झाला की वाढणारं प्रथिन, ८ वरून ९४. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट ९. म्हणजे न्यूट्रोफिल लिम्फोसाइटच्या नऊपटीहून जास्त, दाखल होताना ते तिप्पटही नव्हते. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य, म्हणजे असलेलं निम्मं व्हायला लागणारा काळ, जवळपास तीन आठवड्यांचं. नुसत्या उपासाने ते पाच दिवसांत एवढं पडत नाही. शरीरात दाह पेटला की यकृत सीआरपी भराभर बनवतं, अल्ब्युमिनला हात आखडतं, आणि असलेलंही रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. झटका केवढा मोठा, वय किती, हे आधी बघायचंच. पण हे आकडे असे एकदम बिघडले की पेशंट मागे पडतो. कुठेतरी आग होती.

सूनबाईंना विचारलं, मामंजी खातात काय?

“पेज देतो की मी. पण ठसका लागतोय बघा, म्हणून चारच चमचे. पाणी तेवढं देतो.”

“आता द्या बरं थोडं.”

त्यांनी फुलपात्र ओठाला लावलं. एक घोट गेला. ठसका नाही. मी काकांना नाव विचारलं, तर आवाज घशात पाणी साचल्यासारखा, गुळगुळ करणारा. ठसका न लागताच पातळ पदार्थ छातीत उतरत होता. मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. त्याच संध्याकाळी नाकातून अन्नाची नळी, अँटिबायोटिक्स, आणि आहारतज्ज्ञांनी प्रथिनांचा हिशेब मांडला. सूनबाई रडायला लागल्या. त्यांची काय चूक? घट्टसर द्यायचं, पातळ नाही, हे त्यांना आमच्यातल्या एकानेही सांगितलं नव्हतं.

अकराव्या दिवशी सीआरपी १८ वर आलं. अल्ब्युमिन अजून २.९ च, त्याला वेळ लागतो. काका कॉटच्या कडेला सहा मिनिटं बसले. सूनबाई मोबाईलवर मिनिटं मोजत होत्या.