तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाखती झाल्या, आता विश्लेषण कोणत्या पद्धतीने?

सांगली-तासगाव भागात शेतमालाच्या व्यवहारासाठी मोबाइल अ‍ॅप तयार करणारी तरुण मंडळी मला नेहमी एकच प्रश्न विचारतात: वापरकर्त्यांच्या मुलाखती झाल्या आहेत, रेकॉर्डिंगही हाताशी आहे, आता थीमॅटिक अ‍ॅनालिसिस (बोलण्यातली समान अर्थसूत्रे, म्हणजे थीम, शोधणे) करावे की ग्राउंडेड थिअरी (गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करणे)? त्यावर मी उलट विचारतो, की या निष्कर्षांवरून कोण, कोणता निर्णय घेणार आहे. हे उत्तर टाळाटाळीचे वाटते याची मला कल्पना आहे, पण पद्धत खरोखरच तिथून ठरते.

समजा, कोल्ड स्टोअरेजमध्ये १५ किलोचे बॉक्स ठेवून बसलेला एक बेदाणा उत्पादक मुलाखतीत म्हणाला, "मोबाइलवर दर दिसतो, पण अडत्याला फोन केल्याशिवाय मी माल सौद्याला काढत नाही." या एका वाक्याचे काय करायचे?

दराचा तक्ता पहिल्याच स्क्रीनवर ठेवायचा की नाही, एवढेच पुढच्या आठवड्यात ठरायचे असेल, तर फ्रेमवर्क पद्धत पुरेशी आहे. ब्रिटनमध्ये धोरणविषयक संशोधनासाठी ती घडवली गेली, आणि तिथेही प्रश्न बरेचसे आधीच ठरलेले असत. त्यात मुलाखतींचा एक तक्ता करायचा. आडव्या ओळींत माणसे, म्हणजे उत्पादक, अडते, खरेदीदार. उभ्या रकान्यांत दर, वजन, पट्टी (अडत्याने दिलेला विक्रीचा लेखी हिशेब), पैसे मिळण्याची मुदत. आपले वाक्य दराच्या रकान्यात बसते आणि त्याच रकान्यात अडत्याचे म्हणणे लगेच शेजारी वाचता येते.

दर दिसत असूनही माणूस फोन का करतो, हेच कोडे असेल, तर मात्र हा तक्ता अपुरा पडतो. तिथे थीमॅटिक अ‍ॅनालिसिस उपयोगी पडते. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ साली त्याचे सहा टप्पे मांडले, आणि तेव्हापासून बहुतेक जण ते टप्पे पाठ करतात. त्या दोघी ज्याबद्दल वारंवार बजावत आल्या आहेत, ते मात्र सोडून देतात. 'विश्वास' ही थीम नव्हे, ते नुसते विषयाचे शीर्षक आहे. त्याखाली पन्नास वाक्ये गोळा केली तरी हाती काही लागत नाही. उत्पादकाच्या त्या वाक्याला आधी 'दराची खातरजमा' असा साधा कोड, म्हणजे आशय सांगणारे छोटे नाव, द्यावा. मग दुसऱ्या कोणाचे 'पट्टी हातात आल्यावरच हिशेब धरतो' हे वाक्य त्याच्याजवळ ठेवून पाहावे. दोन्हींतून 'आकड्यामागे जबाबदार माणूस दिसला तरच तो आकडा खरा मानला जातो' असे विधान करता आले, तर ती थीम झाली, कारण ती खोडून काढता येते. अशा थीम मजकुरातून आपोआप वर येत नाहीत, संशोधक त्या रचतो. म्हणून तशीच का रचली, याची टिपणे जवळ हवीत.

ग्राउंडेड थिअरीचे नाव ऐकायला भारदस्त आहे, आणि अहवालात ते बहुधा त्यासाठीच येते. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली मांडलेल्या या पद्धतीत माहिती गोळा करणे आणि विश्लेषण ही कामे बरोबरीने चालतात: पहिल्या काही मुलाखतींतून जे सुचते, त्यावरून पुढे कोणाला भेटायचे ते ठरते. सगळ्या मुलाखती उरकून मग कोडिंगला बसलेल्या माणसाने हे नाव वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकेक मुद्दा चिठ्ठीवर लिहून सारख्या चिठ्ठ्या भिंतीवर एकत्र लावण्याची पद्धत जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या क्षेत्रकार्यातून आली. सगळ्या टीमला एकाच साहित्याभोवती बसवण्यासाठी ती उत्तम आहे. अडचण एवढीच, की चिठ्ठीवर 'अडत्याला फोन करतो' इतकेच उरते. त्या माणसाने माल तारण ठेवून कर्ज काढले होते आणि व्याज चालू असताना चुकीच्या दिवशी सौदा करणे त्याला परवडणारे नव्हते, हे त्याने चार मिनिटे आधी सांगितलेले असते आणि ते रेकॉर्डिंगमध्येच राहून जाते. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर मुलाखतीचा क्रमांक आणि वेळ लिहावी.

'दहापैकी सात जण म्हणाले' अशी मोजणी शक्यतो करू नये. मोकळ्या मुलाखतीत प्रत्येकाला तोच प्रश्न गेलेला नसतो, त्यामुळे उरलेल्या तिघांचे मौन म्हणजे नकार नव्हे.

आता तुमच्या मुलाखती होऊन गेल्याच आहेत, तर हाती काय आहे ते आधी पाहा. नुसती त्रोटक टिपणे असतील, तर चिठ्ठ्या किंवा तक्ता यांच्या पलीकडे जाऊ नका. पूर्ण रेकॉर्डिंग असेल, तर निर्णयाशी संबंध असलेल्या दोन-तीन मुलाखती शब्दशः उतरवून त्यांचे कोडिंग आधी करा, आणि त्यात काही अडखळले तर त्याच उत्पादकाला पुन्हा फोन लावा.