सिल्व्हरस्टोनचा स्टँड आणि मरीन ड्राइव्हचा कठडा

दर जुलैमध्ये, मुंबईत पावसाने जोर धरलेला असतो त्याच सुमारास, इकडे इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनची ब्रिटिश ग्रां प्री होते. मी राहते त्या मिल्टन कीन्सपासून हा ट्रॅक फार लांब नाही, त्यामुळे शर्यतीसाठी मुंबईहून येणारे नातेवाईक आणि स्नेही आमच्याकडेच उतरतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या सामानात एक चांगला कॅमेरा असतो. तिकीट महाग, प्रवास लांबचा, तेव्हा धावत्या गाडीचा एक तरी देखणा फोटो घरी न्यावा, ही इच्छा अगदी रास्त आहे. साध्या तिकिटावर, स्टँडमधल्या आपल्या जागेवरून तसा फोटो निश्चित काढता येतो, आणि त्याची तयारी विमानात बसण्याआधी गिरगावातल्या किंवा दादरच्या माणसाला मरीन ड्राइव्हवर उत्तम करता येते, हे मला आज सविस्तर सांगायचे आहे.

आधी जागेविषयी थोडे. सिल्व्हरस्टोन हा दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विमानतळावर उभा राहिलेला ट्रॅक आहे. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाची पहिली शर्यत इथेच झाली. विमानतळाची जमीन असल्यामुळे सगळा परिसर सपाट आहे. टेकडीवर उभे राहून खाली पाहावे अशी सोय नाही, आणि म्हणूनच उंची हवी असेल तर ती मुख्यतः स्टँडच देतो. एक फेरी ५.८९१ किलोमीटरची आणि शर्यत ५२ फेऱ्यांची. प्रत्येक गाडी साधारण दीड मिनिटाने पुन्हा तुमच्यासमोर येते, त्यामुळे हुकलेली फ्रेम लगेच पुन्हा मिळू शकते.

मागे माझा भाचा इथे आला होता. त्याने पहिल्या सत्रात काढलेले फोटो अत्यंत स्पष्ट होते, आणि तरीही तो नाराज होता. "मावशी, गाडी पळतेय असं वाटतच नाही गं. कुणी ट्रॅकवर पार्क करून ठेवल्यासारखी दिसते." त्याचे निरीक्षण अचूक होते. त्याचा शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, १/२००० सेकंद होता. ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ८३ मीटर पुढे सरकते, म्हणजे एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात जेमतेम चार सेंटीमीटर. सुमारे ७० सेंटीमीटर व्यासाचे चाक तेवढ्या वेळात सहा-सात अंशच फिरते, आणि टायरच्या कडेवरची 'पिरेली' ही टायर कंपनीच्या नावाची अक्षरे सहज वाचता येतात. अक्षरे वाचता आली की पाहणाऱ्याच्या लेखी चाक थांबलेले असते. तीच गाडी १/१२५ वर टिपली, तर चाक पाव फेरीहून अधिक फिरते, अक्षरे विरघळून त्यांचे लाल, पिवळे किंवा पांढरे कडे तयार होते, आणि वेग डोळ्यांना दिसू लागतो. फोटो स्पष्ट असावा हे मला मान्य आहे, पण शर्यतीच्या फोटोत वेग दिसत नसेल तर ती स्पष्टता माझ्या दृष्टीने वाया गेली.

मात्र १/१२५ वर गाडी स्वतः सुमारे दोन-तृतीयांश मीटर सरकते, म्हणून कॅमेराही तिच्याबरोबर फिरवावा लागतो. यालाच पॅनिंग म्हणतात, आणि ते हातांनी करायचे काम नव्हे, कमरेने करायचे आहे. पावले खांद्यांइतकी फाकवून उभे राहावे आणि गाडी जिथे टिपायची त्या जागेकडे पायांची बोटे ठेवावीत. कोपरे बरगड्यांना टेकलेली असावीत आणि डावा तळवा लेन्सच्या खाली असावा. आता फक्त कमरेतून वळून गाडी जिकडून येणार तिकडे पाहावे. अशाने शरीर पिळलेल्या स्थितीतून सुरुवात करते आणि नेमक्या टिपण्याच्या क्षणी सैल, सरळ होते. उलट केले तर शेवटी पीळ पडून कॅमेरा झटका खातो. गाडी दूर असतानाच चालकाच्या हेल्मेटवर फोकस धरावा, तिच्याबरोबर वळत राहावे, बटण हळुवार दाबावे, आणि शटर बंद झाल्यानंतरही वळणे थांबवू नये. लेन्सच्या स्थिरीकरणाला पॅनिंगची वेगळी सोय असेल तर ती चालू करावी, म्हणजे ते फक्त वरखाली होणारा थरकाप आवरते आणि आडव्या हालचालीला विरोध करत नाही.

आता मरीन ड्राइव्हकडे येते. पॅनिंगमध्ये गाडीचा ताशी वेग किती, यापेक्षा ती तुमच्यासमोरून किती झपाट्याने कोन बदलते हे महत्त्वाचे असते. ६० मीटरवरून ताशी ३०० किलोमीटरने जाणारी रेसिंग कार आणि १० मीटरवरून ताशी ५० किलोमीटरने जाणारी काळीपिवळी टॅक्सी या दोघी अगदी समोर येतात तेव्हा तुमच्या कमरेला सारख्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ८० अंश, वळायला लावतात. समुद्राच्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले की जवळच्या लेनमधली टॅक्सी साधारण तेवढ्याच अंतरावरून जाते. दुपारी चारच्या सुमारास, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत जावे. सूर्य पाठीमागे समुद्राच्या बाजूला कललेला असतो, त्याचा उजेड थेट गाड्यांवर पडतो, आणि मागे त्या आर्ट डेको इमारतींची रांग असते, जिच्या गॅलऱ्यांच्या आडव्या रेषा पॅनिंगमध्ये सुरेख पसरतात. नंबर प्लेट वाचता आली आणि चाक गोल फिरलेले दिसले, तर फोटो जमला असे समजावे. १/२५० पासून सुरुवात करून १/१२५, मग १/६० असे उतरत जावे. हात बसल्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स लावून पलीकडच्या लेनमधल्या गाड्या टिपाव्यात, कारण लांब लेन्स हाताची बारीकशी चूकही मोठी करून दाखवते आणि सिल्व्हरस्टोनला तीच लेन्स लागणार असते. मध्ये येणारे खांब आणि माणसे यांच्यामुळे विचलित न होता वळत राहण्याचीही सवय होते.

ती सवय इथे कुंपणाच्या जाळीपाशी कामी येते. खालच्या रांगांत बसलात तर जाळी फ्रेममध्ये येणारच. अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेड आत सोडणारे भोक) मोठे उघडले तर ती विरून जाते. पण भर उन्हात १/६० सारखा संथ शटर स्पीड ठेवायचा तर आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १०० इतका कमी ठेवूनही अ‍ॅपर्चर एफ/१६ ते एफ/२२ पर्यंत (आकडा जितका मोठा, भोक तितके लहान) बंद करावे लागते, आणि मग जाळी पुन्हा ठळक होते, सेन्सरवरची धूळसुद्धा दिसू लागते. यावर उपाय म्हणजे तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी काच. त्याने उजेड आठ पटींनी कमी होतो आणि एफ/८ वर काम भागते. लेन्सवर खर्च करण्याआधी हा फिल्टर घ्यावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

वरच्या रांगांतून जाळीच्या वरून दिसते, पण तिथून गाडीच्या मागे नुसता डांबरी रस्ता येतो. डांबराला रंग नाही, आकार नाही, त्यामुळे पसरण्यासारखे काही उरतच नाही. मला मधल्या रांगा आवडतात, जिथून पलीकडचे रंगीत फलक किंवा समोरची गर्दी गाडीच्या मागे आणता येते. वळणाच्या आतल्या बाजूची जागा मिळाली तर फारच उत्तम, कारण तिथे गाडी तुमच्याभोवती कमान घेत जाते, अंतर जवळपास तेवढेच राहते आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळी गाडी स्पष्ट येते. हँगर स्ट्रेटसारख्या सरळ भागात ती फक्त अगदी समोर आल्याच्या क्षणी तशी मिळते. 'द लूप' हे इथल्या सर्वांत संथ वळणांपैकी एक आहे. तिथे चाके हळू फिरत असल्यामुळे १/६० किंवा त्याहूनही खाली उतरावे.

मिररलेस कॅमेरा असेल तर मेकॅनिकल शटरच वापरावे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. कॅमेरा स्थिर असेल तर गाडी तिरकी येते आणि तो फिरवला तर मागचे खांब कलतात. ही गंमत फार जुनी आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी झाक आंरी लार्तिग या विशीही न गाठलेल्या फ्रेंच मुलाने एका ग्रां प्रीत टिपलेल्या गाडीचे चाक पुढे झुकलेले लंबगोल दिसते, आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक नेमके उलट्या दिशेला कललेले दिसतात, कारण उजेड ओळीओळीने आत सोडणारी त्याच्या शटरची फट सरकत असताना गाडीही सरकत होती आणि तो कॅमेरा तिच्याहून कमी वेगाने फिरवत होता. वेगाचा इतका जिवंत फोटो मी दुसरा पाहिलेला नाही.

फोटोंसाठी मी शुक्रवारच पसंत करते. स्प्रिंट शर्यत (काही ठिकाणी शनिवारी होणारी छोटी जादा शर्यत) नसेल तर त्या दिवशी तासाभराची दोन सराव सत्रे असतात, गाड्या सुट्या सुट्या येतात आणि एकेकीबरोबर निवांतपणे वळता येते. पाऊस आला तर कॅमेरा आत ठेवू नका, साधे प्लॅस्टिकचे आवरण पुरते. गाडीमागे उडणारा पाण्याचा पडदा आणि त्यातून दिसणारा मागचा तांबडा दिवा संथ शटरवर फार छान येतो. रविवारी सुरुवातीची फेरी मात्र वेगळ्या रीतीने टिपावी. तेव्हा सगळ्या गाड्या एकाच घोळक्यात, प्रत्येक जण वेगळ्या गतीने आणि वेगळ्या कोनात वळत असतो, त्यामुळे पॅनिंगमध्ये एकच गाडी हाती लागते आणि झुंज निसटते. त्या फेरीपुरता १/१००० ठेवावा, अ‍ॅपर्चर थोडे बंद करावे, सगळा घोळका फ्रेममध्ये घ्यावा, आणि गाड्या विखुरल्या की पुन्हा १/१२५ वर यावे.