खिंडीतला सूर्योदय: निघण्यापूर्वी समोरची धार मोजा

‘सूर्योदय ६ वाजून २१ मिनिटांनी आहे, पावणेसहाला खिंडीत पोहोचा, पूर्व अगदी समोर आहे’ एवढ्या माहितीवर विसंबून आम्ही दोघे पहाटे साडेतीनला निघालो, आणि सूर्य दिसला तो ७ वाजून ६ मिनिटांनी. ॲपमधली वेळ सपाट, मोकळ्या क्षितिजाची असते. खिंडीसमोर पूर्वेला डोंगराची उंच धार आडवी पसरली आहे, हे मात्र आम्हांला कोणीही सांगितले नव्हते.

ही धार आदल्या दिवशी उजेडात मोजता येते. हात सरळ ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे मूठभर उंचीची धार किमान ४० मिनिटे खाते, आणि सूर्य तिरपा चढत असेल तर त्याहून अधिक. क्षितिजाजवळचे किरण डोक्यावरच्या किरणांच्या सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतात, म्हणून ते तांबूस होतात; १० अंशांवर हे प्रमाण साडेपाच पटींच्या आसपास उतरते. आमच्या फोटोच्या चौकटीत त्यामुळे पांढरा डाग आणि काळी धार एवढेच उरले.

त्याहून वाईट होता तो खिंडीखालचा घसारा. हेडलॅम्पच्या उजेडात सुट्या दगडांचा उतार एकसारखा दिसतो, कोणता दगड रुतलेला आहे आणि कोणता नुसता टेकलेला, हे पाऊल टाकेपर्यंत कळत नाही. माझ्या पायाखालून सुटलेला नारळाएवढा दगड खाली असलेल्या सोबत्याच्या गुडघ्याजवळून गेला. त्यानंतर आम्ही एका वेळी एकानेच चढायचे ठरवले आणि तेवढ्या टप्प्याला तास गेला. हा टप्पा अंधारात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रायपॉड पिशवीला बांधूनच ठेवा, दोन्ही हात लागतात.

खरे दृश्य पाठीमागे होते. सूर्य धारेआड असतानाच पश्चिमेच्या कड्यांचे माथे गुलाबी झाले, आणि आम्ही पूर्वेकडे कॅमेरा रोखून बसलो होतो. मान वळवली तेव्हा जेमतेम तीन मिनिटांचा रंग उरला होता, तरीही त्या सकाळचे एकमेव चांगले चित्र तेच आहे आणि मला ते अतिशय प्रिय आहे. त्यासाठी खिंडीत जाण्याची गरजच नाही. घसाऱ्याच्या पायथ्याच्या सपाटीवरून ते कडे अधिक मोकळे दिसतात.

सूर्यच टिपायचा असेल तर २०० मिलिमीटरच्या लेन्सनेही सेन्सरवर त्याची प्रतिमा दोन मिलिमीटरांहून लहान पडते, हे लक्षात ठेवा. धारेवर आलेला सूर्य ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून पाहू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. चौकट स्क्रीनवर लावा.

दुसऱ्या दिवसाची जंगलातली वाट सोपी आणि सावलीची होती. परतताना घसारा टाळून तीच धरा, दीड तास जास्त लागला तरी.