कान आमच्या हातचे

डिस्नेलँडला जायचं ठरलं आणि लेकीने सगळ्यात आधी कान मागितले. मिकीच्या कानांच्या टोप्या १९५५ पासूनच्या, पण आम्हाला घरी केलेलेच हवे होते.

वाटी पालथी घालून फोमवर गोल आखले, खाली दोन सेंटिमीटरची पट्टी राखली. ती हेअरबँडला गुंडाळून चिकटवली की कान ताठ उभे राहतात. नुसत्या कडेला गोंद लावलेला पहिला जोड संध्याकाळपर्यंत लोंबला होता. कानांवर चढवायच्या टिकल्यांच्या कापडावर शिवणीच्या जागेवरच्या टिकल्या आधी उसवून घेतल्या, नाहीतर सुई अडते. सॅटिनच्या फितीचा बो मात्र सुईदोऱ्यानेच टाचला. गरम गोंदाचे डाग सॅटिनवर उठून दिसतात. हेअरबँडची टोकं कानामागे रुततात, तिथे फेल्टचं मऊ कापड लावलं.

रात्री लेक ते घालूनच झोपली.