सर क्रीक आणि आमच्याकडचे खलाशी

पाऊस सरला की आमच्या डहाणू-तलासरीकडचे पुरुष उचल घेऊन ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मी इथल्याच शाळेत भूगोल शिकवते. सर क्रीकचा विषय काढला की वर्गात कुणी ना कुणी म्हणतंच, "बाई, माझा काका तिकडेच आहे."

ही कच्छ आणि सिंध यांच्यामधली ९६ किलोमीटरची चिखलाची खाडी. तिच्यावरून चाललेल्या भारत-पाकिस्तान भांडणाचं मूळ सापडतं ते चक्क मुंबई सरकारच्या दप्तरात. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि कच्छ संस्थानाशी त्याचा हद्दीवरून वाद होता. तो मिटवायला १९१४ मध्ये ठराव झाला. त्याच्या नवव्या परिच्छेदात हद्द खाडीच्या पूर्वेला, नकाशावर हिरव्या रेघेने दाखवलेली. दहाव्यात मात्र खाडीतून नावा चालतात म्हणून पात्राच्या मध्यावरून हद्द धरण्याची भाषा. पाकिस्तान नववा परिच्छेद दाखवतं, आपण दहावा. ते म्हणतात, इथून नावा चालतच नाहीत. आपण म्हणतो, भरतीला येऊन बघा! १९६५ च्या चकमकीनंतर लवाद नेमला गेला, १९६८ मध्ये कच्छच्या रणाचा निकालही लागला, पण ही खाडी त्यातून बाहेरच राहिली.

खरी ओढाताण खाडीच्या मुखाची आहे. मी फळ्यावर सुतळी ताणून दाखवते. किनाऱ्याकडचं टोक जरासं सरकवलं की समुद्रातला केवढा तरी पट्टा या बाजूचा त्या बाजूला जातो. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे मासे, तेल, वायू, सगळं त्या टोकावर ठरणार. आपलं म्हणणं, आधी समुद्रातली हद्द आखू. त्यांचं म्हणणं, आधी खाडी. बंगालच्या उपसागरात २०१४ मध्ये लवादाने वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला दिले आणि आपण ते मुकाट्याने मानलं. इथे तिसरा माणूस आपल्याला नको, सिमला कराराप्रमाणे दोघांतच बोलायचं.

बरं, रेघ राहू दे अडकलेली. खलाशी तुरुंगात का अडकतो? भारत आणि पाकिस्तान दोघांनीही मान्य केलेल्या सागरी कायद्याच्या कराराचं ७३ वं कलम सांगतं की या २०० मैलांच्या क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला, तर दोन्ही देशांत वेगळा करार नसताना तुरुंगवास देता येत नाही. तरी आपले लोक कराचीच्या मलीर तुरुंगात आणि त्यांचे गुजरातेत. घुसखोरीचं कलम लावलं की झालं. आणि बोट कुठे न्यायची हे ठरवतो तांडेल, त्याच्या मागे असतो मालक. जाळं ओढणाऱ्याला कोण विचारतं?

दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही सरकारं कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पटलं की महिन्याभरात घरी पाठवायचं, असं २००८ च्या करारात लिहिलंय. सगळं घोडं पेंड खातं ते या 'पटलं'पाशी. मागे एक बाई तिकडे तुरुंगात असलेल्या नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. तिकडून आलेल्या कागदात त्याचं आडनाव भलतंच पडलं होतं. तो आमच्या शाळेचा नव्हताच, चौथीनंतर शिक्षण सुटलेलं. तिच्याबरोबर पाड्यावरच्या प्राथमिक शाळेत गेले, मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि तिथल्या तिथे दाखला लिहून दिला. पोलीस ठाण्यात तो जमा झाला. पुढचं दिल्ली आणि इस्लामाबादने करायचंय.