दीड स्टार

त्या शुक्रवारी सकाळी साडेनवाचा शो पाहून मी तडक ऑफिस गाठलं. हिंदी थ्रिलर होता. खुनी कोण हे पहिल्याच प्रसंगात कळतं आणि पुढचे दोन तास आपण त्याच्याच नजरेतून बघत राहतो. मला ते सहनच झालं नाही. तीनच्या आत परीक्षण द्यायचं होतं, मी चाळीस मिनिटांत लिहून मोकळा झालो. 'किळसवाणा' दोनदा, 'विकृत' एकदा. दीड स्टार.

शनिवारी सकाळी ते छापून आलं आणि संध्याकाळी मला पुण्यातल्या एका फिल्म क्लबमध्ये ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेलच्या 'पीपिंग टॉम'वर बोलायचं होतं. विषय महिन्याभरापूर्वीच ठरलेला. १९६० साली हा सिनेमा लंडनमध्ये लागला, तेव्हा समीक्षक त्याच्यावर तुटून पडले. 'ट्रिब्यून'मध्ये डेरेक हिलने लिहिलं, की हा फावड्याने उचलून गटारात सोडावा, तरी दुर्गंधी उरेलच. 'द रेड शूज'सारख्या गाजलेल्या सिनेमाचा हा दिग्दर्शक. पण इंग्लंडमधली त्याची कारकीर्द पुन्हा सावरली नाही. लोकांना नेमकं काय झोंबलं? खुनी समोरच्या बाईवर कॅमेरा रोखतो आणि आपल्याला ती त्याच कॅमेऱ्यातून दिसते. बघणारे आपणच. त्याला लहानपणी भीतीच्या प्रयोगांसाठी वापरणारा बाप पॉवेलने स्वतः केला आणि लहान मुलाच्या भूमिकेत स्वतःच्या मुलाला उभं केलं. इतकं उघडं पडायला केवढं धैर्य लागलं असेल!

मग मी 'संडे टाइम्स'च्या समीक्षक डिलिस पॉवेल यांच्याबद्दल सांगितलं. (आडनाव एकच, नातं नाही.) त्यांनीही १९६०मध्ये सिनेमा झोडपला होता. १९९४मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी लिहिलं की ही श्रेष्ठ कलाकृती आहे, आणि मृत्यूनंतर बोलता येत असेल तर मायकेल पॉवेलला शोधून माफी मागणं हे माझं कर्तव्य असेल. तो चार वर्षांपूर्वीच गेला होता. हे सांगताना माझा आवाज भरून आला.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिने मोबाइलवरून माझ्याच परीक्षणातल्या चार ओळी वाचल्या आणि म्हणाली, "सर, सिनेमाचं नाव काढलं तर हे १९६०मधलंच वाटतं." आवाजात कुचेष्टा नव्हती, ती खरंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही. "मी पुन्हा बघतो," एवढंच म्हणालो.

रविवारी रात्री तिकीट काढून गेलो. शेवटची पंचवीस मिनिटं तशीच वाईट होती. सगळं रहस्य इन्स्पेक्टर बोलून उलगडतो, आणि योगायोगांचा तर बाजार आहे. पण मधे स्वयंपाकघरातला एक प्रसंग आहे. मुलगा पहाटे परततो, आई काही न विचारता त्याच्या ताटावरचं झाकण काढते आणि त्याच्या शर्टाच्या बाहीकडे बघत पोळी वाढते. तिला सगळं माहीत आहे. शुक्रवारी हा प्रसंग मी पाहिलाच नव्हता. तेव्हा मान खाली घालून वहीत 'विकृत' लिहीत होतो. ती नोंद अजून आहे.

सोमवारी संपादकांना सगळं सांगितलं. "जागा नाही रे, पण बुधवारी शंभर शब्द घे," त्या म्हणाल्या. स्टार दीडच ठेवले, 'विकृत' मागे घेतला आणि उरलेल्या शब्दांत त्या आईबद्दल लिहिलं. तोवर शहरात त्या सिनेमाचा एकच शो उरला होता, रात्री पावणेअकराचा.