युगांडातल्या मित्राच्या एम.ए.साठी कोल्हापुरातून पैसे पाठवताना

फीसाठी पैसे मागितले की लोक देतात. बायको-मुलांच्या महिन्याच्या खर्चासाठी मागितले की हात आखडतो. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींनी दक्षिण सुदानच्या एका तरुणाला शिकवायचं ठरवलं, तेव्हा आधी घरखर्च, मग फी, असा हट्ट मी धरला.

माझी भाची युगांडाच्या राजधानीत, कंपालात नोकरीला होती, तिच्यामुळे त्याची ओळख झाली. तो दक्षिण सुदानमधल्या ‘येई’ नावाच्या गावाकडचा. 2016 मध्ये लढाई तिथवर पोचली आणि तो बायकोला घेऊन युगांडात, बिडीबिडी वसाहतीत आला. तिथं आज दोन लाखांवर निर्वासित राहतात. भांडणं मिटवायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. सरपणाला गेलेल्या निर्वासित बायकांच्या मोळ्या गावातले लोक काढून घेत. मग हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना आंब्याखाली बसवायचा. कुठली झाडं तोडायची नाहीत, नळावर आधी कुणाचे कॅन भरायचे, हे ठरल्याशिवाय कुणाला उठू द्यायचा नाही. या कामाला अभ्यासाची जोड हवी म्हणून त्यानं कंपालातल्या मकेरेरे विद्यापीठात शांतता आणि संघर्ष या विषयाच्या एम.ए.ला प्रवेश मिळवला.

युगांडाच्या 2006 च्या कायद्यानं निर्वासिताला काम करायची, देशात फिरायची मुभा आहे. पण कंपालात राहायला गेलं की रेशन मिळत नाही, म्हणून बायको-मुलं वसाहतीतच राहिली. त्यात निधी आटल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमानं तिथल्या रेशनला मोठी कात्री लावलेली. घरी चूल पेटली नाही तर हा परीक्षा सोडून परत जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

‘आपल्याकडं गरीब पोरं कमी आहेत का?’ हा प्रश्न आलाच, आणि तो रास्त होता. उत्तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या एका आजोबांनी दिलं. 1943 ते 48 या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी कुटुंबं आली, तेच आजचं गांधीनगर. आजोबांचे वडील छावणीत दूध घालायचे. ‘तवा कुणी इचारलं न्हाई, आपली पोरं कमी हाईत का म्हणून,’ एवढंच ते बोलले.

खरी कसरत पैसे पाठवण्याची. ट्रस्टमार्फत पाठवू म्हटलं, तर आमच्यातल्या करसल्लागारांनी अडवलं. धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर खर्च केला तर त्यावरची करसवलत टिकवायला वेगळी परवानगी लागते. सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करून पाठवणंही नियमात बसत नाही. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना (एलआरएस) व्यक्तीसाठी आहे. ज्यानं त्यानं आपल्या पॅनवर, आपल्याच खात्यातून पाठवायचं. आर्थिक वर्षाला मर्यादा अडीच लाख डॉलर, म्हणजे आम्हाला मर्यादेची काळजीच नाही. 1 एप्रिल 2025 पासून दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएसही, म्हणजे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापत नाहीत.

‘काका, नातं काय लिहू?’ परदेशी पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म भरताना बँकेच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. नातेवाइकाचा पालनपोषण खर्च हे कारण आम्हाला चालणार नव्हतं. वैयक्तिक भेट व देणगी हे कारण लिहिलं आणि पुढं ‘मित्र’. तिनं त्याचं निर्वासित ओळखपत्र आणि बँक खातं शेजारी धरून पाहिलं, तर नावांचा क्रम उलटसुलट. त्याच्याकडून खातं दुरुस्त करून घेतलं, मगच पैसे गेले. कुणी असं काम हाती घेणार असेल तर ही जुळणी सगळ्यात आधी करा.

फी थेट विद्यापीठाच्या खात्यावर जाते. घरखर्च त्याच्या खात्यात, तिथून मोबाइल मनीनं बायकोच्या फोनवर. पावत्या मी ठेवतो, पण घरखर्चाचा हिशेब तिच्याकडं मागायचा नाही, असं आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं. कुणाच्या घरात किती तेल लागतं हे रंकाळ्यावर बसून विचारायचं नसतं.

त्याचा प्रबंध आता सरपण आणि पाण्याच्या तंट्यांवरच चाललाय. पुढच्या सत्राला आणखी दोघे हवे आहेत. पॅन कार्ड, आपलं स्वतःचं खातं आणि दर महिन्याला झेपेल तेवढी रक्कम, एवढं पुरे.